मुलांच्या बोटांना वळण लावणारे खेळ कसे निवडावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडीच्या पालकसभेत आणि एरवीही पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, गुंत्याचे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सूक्ष्म कारक कौशल्यं म्हणजे नेमकं काय? अक्षर चांगलं यावं म्हणूनच ना हे सगळं?

बोटं, तळहात आणि मनगट यांचे छोटे स्नायू डोळ्यांशी मेळ राखून जी कामं करतात, त्यांना शिक्षणक्रमात हे नाव आहे. पोळीचा तुकडा मोडून भाजीला लावणं, सदऱ्याची गुंडी काजात घालणं, बाटलीचं झाकण फिरवणं, सँडलचा पट्टा अडकवणं, हे सगळं त्यात येतं. अक्षर हे त्यातलं बरंच उशिरा येणारं काम आहे. ज्या मुलाला स्वतःचा डबा उघडता येतो, त्याला मधल्या सुट्टीत बाईंची वाट पाहत बसावं लागत नाही. मला विचाराल तर वळणदार ‘अ’पेक्षा हे आधी यायला हवं.

२. दुकानात प्रत्येक खोक्यावर ‘बोटांच्या विकासासाठी उपयुक्त’ असं छापलेलं असतं. खरा उपयोगी खेळ ओळखायचा कसा?

छापलेलं बाजूला ठेवा आणि हा खेळ बोटांना नेमकं काय करायला लावतो, ते पाहा. वस्तू चिमटीत उचलायची आहे का? दाबायचं, पिळायचं आहे का? मनगट फिरवायचं आहे का? दोन हातांना दोन वेगळी कामं आहेत का, म्हणजे एका हातात दोरा आणि दुसऱ्यात मणी, असं? मुठीतली वस्तू त्याच हाताच्या बोटांच्या टोकापर्यंत सरकवायची आहे का? गल्ल्यात एकेक नाणं टाकताना मूल नेमकं हेच करतं. यांपैकी दोन-तीन गोष्टी ज्या खेळात आहेत तो कामाचा.

बटण दाबलं की दिवे लागतात आणि गाणं वाजतं, अशा खेळण्यात बोटाला एकच काम असतं. बाकी सगळं काम बॅटरी करते.

दुसरी कसोटी अवघडपणाची. खेळ थोडा प्रयत्न केल्यावर जमेल एवढाच कठीण हवा. पहिल्या झटक्यात जमला तर मूल तो सोडून देतं, आणि कधीच जमला नाही तरी सोडून देतं. तिसरी कसोटी अशी की तोच खेळ वेगवेगळ्या तऱ्हेने खेळता आला पाहिजे. लाकडी ठोकळे दोन वर्षांच्या मुलालाही पुरतात आणि सात वर्षांच्याही. एकाच पद्धतीने जुळणारं चार तुकड्यांचं कोडं आठवड्यात संपतं.

३. कोणत्या वयाला कोणता खेळ द्यावा?

खाली दिलेली वयं साधारण आहेत. मुलं दोन-चार महिने मागेपुढे असतात.

पहिल्या वर्षात हात मुठीकडून चिमटीकडे जातो. पाच-सहा महिन्यांचं बाळ वस्तू अख्ख्या तळहाताने पकडतं. नवव्या-दहाव्या महिन्यापासून अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटू लागतात आणि वर्षाच्या आसपास चिमूट नीट जमते. या काळात कापडी चेंडू, लाकडी कडी, वाटी-चमचा एवढं पुरतं. चिमटीच्या सरावासाठी बाळ बसून खात असताना ताटलीत चुरमुऱ्याचे मऊ भिजवलेले दाणे ठेवा, पण तुम्ही समोर बसलेले असताना. वर्षाचं मूल वस्तू खाली टाकतं, पुन्हा पुन्हा टाकतं. त्याला रागावू नका. वस्तू हवी तेव्हा सोडता येणं ही नवी कला आहे आणि ते तिचा रियाज करत असतं.

दीड ते तीन वर्षांत ठोकळ्यांचा मनोरा चढत जातो. दीड वर्षाचं मूल साधारण तीन ठोकळे रचतं, दोन वर्षांचं सहा. मोठे मणी जाड नाडीत ओवणं, डब्यांची झाकणं लावणं-काढणं, ओल्या मातीत खेळणं, पाण्यात ब्रश बुडवून अंगणातल्या फरशीवर रंगवणं ही या वयाची कामं.

तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चार वर्षांचं फुली, चार-साडेचारला चौकोन येतो आणि त्रिकोण पाचच्या सुमारास. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते; त्रिकोण मागे राहतो तो त्यामुळेच. तिसऱ्या वर्षी बोथट टोकाची कात्री देऊन कागदाच्या पट्ट्या नुसत्या कातरू द्या, चौथ्या वर्षी सरळ रेघेवर, पाचव्या वर्षी गोल-चौकोन. पट्टी एका कात्रीत तुटेल एवढीच अरुंद ठेवली तर मुलाला लगेच यश मिळतं.

सहाच्या पुढे बारीक मणी, सुई-दोऱ्याने साधा टाका, कॅरम, सागरगोटे (प्रश्न ६), स्क्रू-नटबोल्टचे संच.

४. माँटेसरी साहित्य फार महाग आहे. ते घेतलंच पाहिजे का?

नाही. इटलीच्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर सुरू केलं. त्यांच्या साहित्यामागचा विचार उत्तम आहे: भोकांत बसवायच्या लाकडी दट्ट्यांच्या छोट्या मुठी तीन बोटांत धराव्या लागतात आणि तीच तीन बोटं पुढे पेन्सिल धरतात. पण विचार घ्यायला वस्तू विकत घ्यावी लागत नाही, हे आपल्याकडे ताराबाई मोडकांनी दाखवून दिलं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं, आणि अनुताई वाघ त्यात त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी पाड्यांवर परदेशी साहित्य परवडणारं नव्हतं, टिकणारंही नव्हतं. तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे, माती हेच साहित्य झालं. मुलांची बोटं त्यावरही तितकीच तयार होतात.

लाकडी वस्तू हवीच असेल तर सावंतवाडीची किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी पाहा. त्यांतले भोवरे आणि कड्या या कामासाठी छान आहेत.

५. घरातल्याच वस्तूंनी काय करता येईल?

स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. थंडीत मटार सोलायला बसवा. शेंग दाबून फोडायची, अंगठा आतून फिरवायचा, दाणे वाटीत टाकायचे: एका शेंगेत तीन वेगळ्या हालचाली होतात. भुईमुगाच्या शेंगा फोडायला जास्त जोर लागतो, म्हणून त्या चार-पाच वर्षांच्या पुढे. लसूण सोलणं त्याहून अवघड, कारण साल नखाने धरावी लागते. मेथी निवडताना देठ मोडायचा तर एका हाताने जुडी धरून दुसऱ्याने खुडावं लागतं.

कणकेचा गोळा हे माझ्या मते घरातलं सर्वांत चांगलं खेळणं. बाजारातली रंगीत माती हवीच असं नाही. कणकेच्या गोळ्या वळायच्या, साप करायचे, पोळपाटावर चपटं करायचं, त्यात राजम्याचे दाणे लपवून शोधायचे. मीठ घालून महिनाभर टिकणारी कणीक करण्याची कृती सगळीकडे मिळते, पण मूल ती खाणार असेल तर मीठ न घालता रोज ताजी मळा.

श्रावणात वाती वळायला बसा. कापूस पिंजायचा, तळहातावर घोळवायचा. फुलवातीला बोटांची टोकं लागतात, लांब वातीला सगळा तळहात. उन्हाळ्यात कुणाकडे गवले, नखुल्या होत असतील तर मुलांना तिकडे नक्की न्या. नखाच्या टोकाने कणकेचा एवढासा तुकडा वळवणं याहून बारीक काम घरात दुसरं नसेल. गणपतीत मोदकाच्या कळ्या पाडायला सहा-सात वर्षांची मुलं बसू शकतात. पहिले चार फाटतील. ते तळा आणि त्यांनाच खायला द्या.

रांगोळीत चिमटीची ढील किती सोडायची हे बोटांना कळावं लागतं, नाहीतर रेघ जाड-बारीक होते. सुरुवात ठिपक्यांपासून करा. लहान मुलांना दगडाच्या भुकटीऐवजी तांदळाची पिठी द्या. हात डोळ्याला लागतोच.

आणखी काही: वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, ओला फडका पिळणं, जुन्या डब्यांना त्यांची झाकणं शोधून बसवणं, दिवाळीत किल्ल्याची माती मळणं. किल्ल्याच्या पायऱ्या बोटाने कोरायला मुलांना तासन्‌तास पुरतात.

काम मात्र खरं असू द्या. सोललेले मटार जेवणात आले पाहिजेत. नुसतं ‘हे कर, बोटांना चांगलं’ असं म्हटलं की मुलं लांब पळतात.

६. आमच्या लहानपणी सागरगोटे, काचापाणी, भोवरा असायचा. त्यांचा आज काही उपयोग आहे का?

खूप आहे. सागरगोट्यात एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. म्हणजे एकाच हातात आधीचे गोटे दोन बोटांनी तळव्यात धरून ठेवायचे आणि उरलेल्या बोटांनी नवे टिपायचे. लिहितानाही हात असाच वागतो: करंगळी आणि अनामिका आधाराला टेकलेल्या, बाकीची तीन बोटं कामात. सहा-सात वर्षांच्या आधी हे जमत नाही, आणि तेव्हाही आधी न उडवता नुसते उचलायला द्या, मग एकेक, मग दोन-दोन.

काचापाणीत बाकीच्यांना धक्का न लावता बांगडीचा एक तुकडा बाहेर काढायचा असतो. काचेऐवजी रंगवलेल्या आइस्क्रीमच्या काड्या घ्या, खेळ तोच राहतो. भोवऱ्याला जाळी गुंडाळणं हा दोन हातांच्या वेगळ्या कामाचा उत्तम नमुना आहे. फिरवता आला नाही तरी गुंडाळण्यातच निम्मा फायदा झालेला असतो. कॅरममध्ये बाकीची बोटं स्थिर ठेवून एकच बोट झटकायचं असतं. सहा वर्षांच्या मुलाला ते अवघड जातं म्हणूनच द्यायचं.

७. लहान वस्तू तोंडात, नाकात घालण्याची भीती वाटते. काय टाळावं?

भीती बरोबर आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला टिश्यू पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल अशी कुठलीही वस्तू एकट्याने खेळायला देऊ नका. ही नळी साधारण ४ सेंटिमीटर रुंद असते. चिंचोके, राजमा, शेंगदाणे, मणी हे सगळं त्यात बसतं. कडधान्यं नाकात गेली की ओलाव्याने फुगतात.

चार गोष्टी घरात नकोतच. एक, छोट्या जोरदार चुंबकांचे संच: दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं फाटू शकतं. दोन, नाण्यासारखी बटण बॅटरी असलेलं आणि झाकणाला स्क्रू नसलेलं खेळणं. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजल्यासारखी गंभीर जखम होते. संशय आला तरी वाट न पाहता थेट रुग्णालयात जा, ओकारी काढू नका. तीन, पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी. चार, जुन्या बटव्यातल्या गुंजा. लाल-काळ्या, सुरेख दिसतात, पण चावलेली गुंज अत्यंत विषारी असते. आजीच्या सागरगोट्यांच्या पिशवीत गुंजा असण्याची शक्यता असते, म्हणून आधी ती पिशवी ओतून पाहा.

विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. घरात मोठं आणि धाकटं अशी दोन भावंडं असतील तर मोठ्याचे बारीक तुकड्यांचे खेळ टेबलावर, धाकटं झोपल्यावर. श्वास अडकला तर १०८ ला फोन करा. बाळाच्या घशात न बघता बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

८. मोबाइलवर अक्षरं गिरवायची अ‍ॅप आहेत. चालतील का?

काचेवर बोट सरकवायला जोर लागत नाही, पकड लागत नाही, आणि रेघ चुकली तरी पडदा ती सरळ करून देतो. अक्षराचा आकार डोळ्यांना ओळखीचा होईल, हात मात्र तयार होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादाही लक्षात ठेवा: वर्षाखाली पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तर अधिक चांगलं.

९. तीन वर्षांच्या मुलाला बालवाडीत रोज पानभर लिहायला देतात. पेन्सिल कधी द्यावी?

पेन्सिल, खडू हातात द्यायला हरकत नाही. रेघोट्या मारू द्या. पण दोन ओळींत अक्षर बसवायला लावणं तीन वर्षांना फार लवकर आहे. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं, दोन-तीन वर्षांचं बोटं खाली करून, आणि तीन बोटांत धरून बोटांनीच हलवणं साडेचार ते सहाच्या दरम्यान येतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. बाईंशी बोलताना हे सांगा, भांडण न करता. त्यांच्यावरही इतर पालकांचा दबाव असतो, ‘वही कोरी का?’ असा.

घरी पाटी वापरा. पाटीवर पेन्सिलीला घर्षण होतं, त्यामुळे हाताला रेघ जाणवते. फळा भिंतीवर लावला तर आणखी चांगलं: उभ्या पृष्ठभागावर लिहिताना मनगट आपोआप योग्य कोनात मागे वळतं आणि खांदाही कामाला लागतो. पेन्सिल बोटभर लांबीची, म्हणजे तुकडाच द्या. तुकड्यावर मूठ मावत नाही, तीन बोटंच बसतात.

१०. आमचं मूल पाटीची पेन्सिल खातं. खेळांमुळे तर नाही ना?

नाही. पेन्सिल, खडू, माती खाण्याची ओढ अनेकदा शरीरात लोह कमी असल्याने असते. रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या.

११. मुलगी डावखुरी आहे. उजव्या हाताची सवय लावावी का? आजी म्हणतात, लावावी.

लावू नये. साधारण दहांतला एक माणूस डावखुरा असतो. हात बदलायला लावला की मुलगी कमजोर हाताने काम शिकते आणि मागे पडते. आजींना त्यांच्या काळजीबद्दल बरं वाटेल असं बोला. जेवताना-पूजेत उजवा हात हवा एवढाच त्यांचा आग्रह असेल तर तेवढ्यापुरतं मुलगी स्वतःहून शिकेल.

डावऱ्या हाताची कात्री वेगळी मिळते, ती घ्या. उजव्या हाताच्या कात्रीने डाव्या हातातून रेघ दिसत नाही आणि कागद दुमडतो. लिहिताना कागद उजवीकडे कलता ठेवा. देवनागरीतली शिरोरेघ डावीकडून उजवीकडे ओढताना तिचा हात रेघेला ढकलतो, म्हणून शाई पुसली जाते; सुरुवातीला शिरोरेघेचा आग्रह सोडलात तरी चालेल.

मात्र वर्षाच्या आत एकाच हाताचा ठाम वापर दिसला, मग तो उजवा असो वा डावा, तर प्रश्न १६ पाहा.

१२. मुलाला कणीक, रंग, माती हाताला लागलेली सहन होत नाही. जबरदस्ती करावी का?

नको. आधी त्याला चमच्याने, काडीने, ब्रशने खेळू द्या. मग कोरडं पीठ, मग तांदूळ, मग घट्ट कणीक, चिकट शेवटी. शेजारी ओला फडका ठेवा. हात केव्हाही पुसता येतो हे कळलं की बरीच मुलं धीर करतात. कपडे, अन्न, आवाज यांबाबतही असाच त्रास असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या तज्ज्ञाला, भेटा.

१३. मुलगा आहे. त्याने मणी ओवायचे, भातुकली खेळायची?

हो. बोटांचे स्नायू मुलगा-मुलगी ओळखत नाहीत. त्याला मणी नको असतील तर नटबोल्ट द्या; काम तेच होतं.

१४. शंभर तुकड्यांचं कोडं जुळवतो, पण सदऱ्याची गुंडी लागत नाही. हे कसं?

हा प्रश्न फार येतो. तुकडे जुळवण्यात डोळा आणि आकाराची समज जास्त लागते, बोटांचं काम सोपं असतं. गुंडी लावताना दोन हात एकाच वेळी वेगळं काम करतात आणि हनुवटीखालची गुंडी दिसतही नाही. म्हणून एका खेळातली हुशारी दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. गुंडीसाठी गुंड्याच लावायला हव्यात. जुना सदरा मांडीवर पसरून, मोठ्या गुंड्यांनी सुरुवात करा. अंगात घातलेला सदरा नंतर. काढणं आधी जमतं, लावणं मागाहून.

१५. बाळ वेळेआधी जन्मलं. वयाचा हिशोब कसा धरू?

पहिल्या दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेऐवजी अपेक्षित तारखेपासून मोजा. दोन महिने आधी जन्मलेलं दहा महिन्यांचं बाळ या हिशोबात आठ महिन्यांचं. प्रश्न ३ मधली वयं तशी वाचा.

१६. वाट कधीपर्यंत पाहायची? तपासायला कुठे न्यायचं?

पुढच्या गोष्टींत थांबू नका: चार महिन्यांनंतरही मुठी सतत घट्ट मिटलेल्या, वर्षाच्या आत एकच हात वापरणं, वर्ष उलटून गेलं तरी चिमूट नाही, आणि वय कोणतंही असो, आधी जमणारं काम जमेनासं होणं. शेवटची गोष्ट दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

शाळेच्या वयात काही मुलं बुद्धीने चांगली असूनही कपडे घालणं, चेंडू झेलणं, लिहिणं सगळ्यातच अडखळतात. साधारण वीसांतल्या एका मुलाला समन्वयाची अशी अडचण असते आणि पाच वर्षांच्या आधी तिचं निदान सहसा करत नाहीत. ही मुलं आळशी नसतात. त्यांना त्याच कामाचा तुकड्या-तुकड्याने सराव लागतो, आणि तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतात.

पैशांची अडचण असेल तर अंगणवाडी ताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करतात आणि गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

१७. मुलीची बोटं मागे खूप वाकतात आणि थोडं लिहिलं की हात दुखतो. जास्त सराव द्यावा का?

जास्त लिहायला देऊ नका. सांधे सैल असतील तर पेन्सिल स्थिर धरायलाच तिची सगळी ताकद जाते. जाड पेन्सिल द्या, पाच-सात मिनिटांनी हात थांबू द्या, आणि लिहिण्याऐवजी प्रश्न ५ मधली पिळण्या-मळण्याची कामं वाढवा. झोपाळ्याची साखळी धरून लोंबकळणं, कुणीतरी पाय धरले असताना ढकलगाडीसारखं हातांवर चालणं यांनी खांदा भक्कम होतो आणि बोटांवरचा भार हलका होतो. बोटं मागे ताणून दाखवण्याचा खेळ मात्र थांबवा. मैत्रिणींना त्याचं कौतुक वाटतं म्हणून अशी मुलं तो सारखा करतात. दुखणं रात्रीही असेल किंवा सांधा सुजला असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.